मोठ्या सेवा कंपनीत रुजू होताना: कार्यसंस्कृती ओळखण्याची रीत

एकाच मोठ्या सेवा कंपनीत लागलेल्या दोन मित्रांना वर्षभराने नोकरीविषयी विचारले, तर पुष्कळदा असे वाटते की ते दोन वेगळ्या कंपन्यांविषयी बोलत आहेत. एकाचे वरिष्ठ संध्याकाळी वेळेवर घरी जायला सांगतात, तर दुसऱ्याला आठवड्यातल्या तीन रात्री लॅपटॉप उघडून बसावे लागते. दोघांच्या पगारपत्रकावर नाव मात्र एकच असते. आणि दोघेही खरे सांगत असतात. जिथे हजारो, कधी लाखो माणसे कामाला आहेत, तिथे प्रोजेक्ट, क्लायंट आणि थेट वरिष्ठ या तिघांमुळे जे वातावरण तयार होते, तेच नवख्या माणसाच्या वाट्याला येते. म्हणून ‘ही कंपनी चांगली की वाईट’ या प्रश्नापेक्षा ‘मी जिथे बसणार आहे ती जागा कशी आहे’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची रीत पुढे पायरीपायरीने दिली आहे.

पहिली पायरी: कंपनी पैसे कशावर मिळवते ते समजून घ्या

सेवा कंपनी वस्तू विकत नाही, ती माणसांचा वेळ आणि कौशल्य विकते. हे वाक्य साधे वाटते, पण पुढे येणाऱ्या बहुतेक अनुभवांचे मूळ त्यात आहे. एखाद्या कर्मचाऱ्याचे महिन्यात १६० तास उपलब्ध असतील आणि त्यांपैकी १२८ तासांचे बिल क्लायंटला लागले, तर त्याचा वापर ८० टक्के झाला असे धरतात, आणि हा आकडा मॅनेजरच्या कामगिरीशी थेट जोडलेला असतो. ज्याचा एकही तास बिलात लागत नाही तो ‘बेंच’वर आहे असे म्हणतात. कंपनीच्या हिशेबात तो त्या काळापुरता निव्वळ खर्च असतो, मग तो माणूस कितीही हुशार असो. ग्राहकांशी थेट बोलण्याच्या कामात हेच गणित एका कॉलला किती मिनिटे लागली आणि किती तक्रारी ठरलेल्या मुदतीत मिटल्या, या आकड्यांतून दिसते.

हे गणित कळले की अनेक गोष्टींचा उलगडा होतो. टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती तास दिले याची नोंद, भरायला एक दिवस उशीर झाला तर चार ईमेल का येतात, प्रशिक्षणासाठी दोन दिवस मागितले की कपाळावर आठी का पडते, तुमच्या कार्यालयाला सुट्टी असताना क्लायंटकडे कामाचा दिवस असल्यामुळे निम्म्या टीमला का थांबावे लागते, आणि अनुभवी माणसांच्या मानाने नवख्यांची भरती इतकी मोठी का असते, हे सगळे एकाच सूत्रात बसते. अन्यायाचे समर्थन मात्र यातून होत नाही. दबाव व्यवसायाच्या रचनेतून आला आहे की एखाद्या व्यक्तीच्या वागणुकीतून, हे वेगळे करता येणे एवढाच याचा उपयोग, आणि तो फार मोठा आहे, कारण या दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात.

दुसरी पायरी: इतरांचे अनुभव वाचा आणि ऐका, पण पद्धतीने

रुजू होण्यापूर्वी जवळपास प्रत्येक जण आधीच्या कर्मचाऱ्यांचे अनुभव शोधतो, आणि बहुतेक जण सरासरी गुण पाहून थांबतात. अनुभव लिहायला बसतात ते मुख्यतः दोन प्रकारचे लोक: ज्यांचे मन दुखावले आहे ते, आणि जे फार समाधानी आहेत ते. मधला मोठा वर्ग, ज्याचे दिवस बरे-वाईट मिसळून जातात, तो सहसा काही लिहीत नाही. त्यामुळे सरासरी आकडा कोणाचाच अनुभव सांगत नाही.

प्रत्येक अनुभव वाचताना चार गोष्टी वहीत लिहून घ्या: लिहिणाऱ्याचे पद, कामाचा प्रकार, साल आणि तक्रारीचा किंवा कौतुकाचा नेमका विषय. वीस-पंचवीस अनुभव असे मांडले की चित्र दिसू लागते. वेगवेगळ्या विभागांतले, वेगवेगळ्या वर्षांतले लोक एकच गोष्ट सांगत असतील, उदाहरणार्थ पगारवाढ ठरल्यापेक्षा उशिरा मिळते किंवा नोटीस पिरियडमध्ये सुटका करून घेणे कठीण जाते, तर ती कंपनीच्या धोरणाची बाब आहे आणि ती तुमच्याही वाट्याला येईल असे धरून चालावे. तीच तक्रार एकाच विभागातून आणि एकाच काळात येत असेल, तर ती बहुधा एखाद्या वरिष्ठाची किंवा एखाद्या अवघड प्रोजेक्टची गोष्ट असते. थोड्याच दिवसांत एकसारख्या भाषेतल्या कौतुकाची रांग लागलेली दिसली, तर तिला फार वजन देऊ नये.

तपशील हाच विश्वासाचा निकष माना. ‘राजकारण फार आहे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. ‘प्रोजेक्ट संपल्यावर दोन महिने बेंचवर होतो, त्या काळात तीन मुलाखतींना पाठवले, चौथ्या वेळी माझ्या कौशल्याशी संबंध नसलेले काम घ्यावे लागले’ या वाक्यातून मात्र पुष्कळ हाती लागते: बेंचचा काळ साधारण किती, कंपनी प्रयत्न करते का, आणि निवडीचे स्वातंत्र्य कुठे संपते.

वाचण्याइतकेच बोलणेही महत्त्वाचे आहे. किमान तिघांशी बोला: एक वर्ष झालेला कर्मचारी, पाच वर्षांहून जास्त काळ टिकलेला कर्मचारी आणि सोडून गेलेला कर्मचारी. पहिल्याला नवख्यांची अवस्था ताजी आठवत असते, दुसऱ्याला बढतीची वाट ठाऊक असते, तिसऱ्याला गप्प राहण्याचे कारण उरलेले नसते. त्यांना ‘वातावरण कसे आहे’ असे विचारलेत तर ‘ठीक आहे’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी घडलेल्या प्रसंगाविषयी विचारा. मागच्या वेळी सलग पाच दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा काय झाले? टीममध्ये शेवटची मोठी चूक कोणाकडून झाली आणि नंतर त्या माणसाचे काय झाले? क्लायंटने अवाजवी मुदत दिली तेव्हा तुमचा मॅनेजर काय बोलला? माणसे मतांच्या बाबतीत सावध असतात, पण घडलेली गोष्ट सांगताना मोकळी होतात.

तिसरी पायरी: नियुक्तीपत्र शब्द न् शब्द वाचा

ही पायरी छोटी आहे, पण ती गाळली तर नंतर दुरुस्त करता येत नाही. नोटीस पिरियड किती आणि तो पैसे भरून कमी करता येतो का. परिविक्षा काळ (प्रोबेशन) किती आणि तो वाढवण्याचा अधिकार कोणाला. पगारातला बदलता भाग कोणत्या निकषावर मिळतो. शिफ्ट आणि कामाचे ठिकाण बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे का. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार आहे का, या पाच बाबी खूण करून ठेवा. मुलाखतीत तोंडी मिळालेले आश्वासन पत्रात नसेल तर रुजू होण्यापूर्वी ईमेलने नम्रपणे विचारा. मी एकदा ‘रात्रपाळी फक्त तीन महिने’ हा शब्द तोंडी ऐकला आणि तो कागदावर मागितला नाही. ती रात्रपाळी चौदा महिने चालली, आणि ज्यांनी शब्द दिला होता ते तोपर्यंत दुसऱ्या विभागात गेले होते. मोठ्या कंपनीत माणसे सारखी जागा बदलतात, म्हणून तिथे कागदच टिकतो.

चौथी पायरी: पहिले तीस दिवस पाहण्यासाठी राखून ठेवा

संघटनांच्या संस्कृतीचा अभ्यास करणारे एडगर शाइन यांनी तिचे तीन थर सांगितले होते. वरचा थर डोळ्यांना दिसतो: इमारत, पेहराव, बसण्याची व्यवस्था, भिंतीवरची वाक्ये. मधला थर कंपनी स्वतःविषयी जे सांगते त्याचा, म्हणजे जाहीर केलेल्या मूल्यांचा. सर्वांत खाली असतात त्या न बोलता गृहीत धरलेल्या गोष्टी, ज्या कोणी शिकवत नाही आणि सगळे पाळतात. ऑनबोर्डिंगच्या, म्हणजे नव्या माणसाला कंपनीची ओळख करून देण्याच्या, आठवड्यात तुम्हाला पहिले दोन थर दाखवले जातात. तिसरा तुम्हालाच शोधावा लागतो, आणि तो शोधण्यासाठी पहिला महिना सर्वांत चांगला असतो, कारण नंतर तुम्हीही त्याच गोष्टी गृहीत धरू लागता.

काय पाहावे? ठरलेल्या वेळी निघणारा माणूस सहज निघतो की कारण सांगत निघतो. बैठकीत सर्वांत कनिष्ठ माणूस बोलला तर त्याचे वाक्य पूर्ण होऊ देतात का. रात्री आलेल्या ईमेलला रात्रीच उत्तर देणाऱ्याचे सकाळी कौतुक होते का. सोडून गेलेल्या सहकाऱ्याविषयी नंतर कोणत्या सुरात बोलले जाते. आजारपणाची सुट्टी घेणाऱ्याला त्या दिवशी फोन जातो का.

मात्र एक निरीक्षण या सगळ्यांपेक्षा मोलाचे आहे: चूक झाल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो. ‘हे कोणी केले’ की ‘हे कसे झाले’? हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक एमी एडमंडसन यांचा या संदर्भातला अनुभव सांगण्यासारखा आहे. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांची अपेक्षा अशी होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी आढळतील. आकडे मात्र उलटे आले. ज्या टीमचे परस्परसंबंध चांगले होते, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. अधिक शोध घेतल्यावर कारण लक्षात आले: त्या टीममधले लोक चुका उघडपणे सांगत होते, आणि बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना टीमच्या संदर्भात मांडली. प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत दिले तर आपला अपमान होणार नाही, असा टीममधल्या सर्वांना वाटणारा भरवसा, असा तिचा अर्थ आहे. सेवा कंपनीत या भरवशाचे मोल फार असते, कारण इथे झाकलेली चूक शेवटी क्लायंटसमोर उघडी पडते आणि तेव्हा ती निस्तरायला आठवडे जातात. ज्या टीममध्ये अडचण कधीच कोणी सांगत नाही आणि कामाच्या स्थितीच्या अहवालात सगळे नेहमी हिरवे, म्हणजे सुरळीत, दिसते, तिथे जास्त सावध राहावे.

पाचवी पायरी: वरिष्ठांशी कामाचे नाते पहिल्यापासून लेखी ठेवा

रुजू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत थेट वरिष्ठांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा आणि तीन गोष्टी विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, माझे काम चांगले झाले हे तुम्हाला कशावरून कळेल, आणि अडलो तर कोणाकडे व किती वेळाने यावे. बोलणे झाल्यावर त्याचा सारांश चार ओळींच्या ईमेलने पाठवा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. बहुतेक वरिष्ठांना ते आवडते, कारण त्यांच्या हाताखाली वीस माणसे असतात आणि कोणाला काय सांगितले ते त्यांनाही आठवत नाही.

सेवा कंपनीत तुम्हाला प्रत्यक्षात दोन वरिष्ठ असतात: एक कंपनीतला आणि एक क्लायंटकडचा. क्लायंटकडच्या माणसाने थेट जादा काम सांगितले तर नवखा माणूस लगेच होकार देतो, आणि दोन्हीकडून अडचणीत येतो, कारण ते काम करारात नसते आणि कंपनीच्या हिशेबातही कुठे दिसत नाही. अशा वेळी ‘मी आमच्या टीम लीडशी बोलून कळवतो’ हे वाक्य पुरेसे असते, आणि ते पहिल्याच दिवसापासून वापरावे.

आठवड्यातून एकदा, शुक्रवारी पंधरा मिनिटे काढून, स्वतःच्या कामाची नोंद करा: काय पूर्ण केले, कोणाची अडचण सोडवली, कोणी काय कौतुक केले, काय चुकले. या नोंदीत क्लायंटची गोपनीय माहिती येऊ देऊ नका. हिचा उपयोग पुढच्या पायरीत होतो.

सहावी पायरी: अप्रेझल कसे ठरते ते आधी जाणून घ्या

नवख्यांचा सर्वांत मोठा भ्रमनिरास पहिल्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, होतो. वर्षभर ‘काम छान आहे’ असे ऐकलेल्या माणसाला मधले रेटिंग मिळते आणि त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. अनेक कंपन्यांत रेटिंग तुमचे वरिष्ठ एकटे ठरवत नाहीत. सर्व मॅनेजर एकत्र बसतात, आपापल्या माणसांची नावे मांडतात आणि ठरलेल्या प्रमाणात वरची, मधली, खालची अशी विभागणी करतात. यालाच बोलीत बेल कर्व्ह म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी विभागणी प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक कंपन्यांनी तिच्यासारख्या पद्धती उचलल्या. सहकाऱ्यालाच प्रतिस्पर्धी बनवते, अशी टीका या पद्धतीवर दीर्घकाळ होत राहिली; मायक्रोसॉफ्टने २०१३ साली अशी सक्तीची क्रमवारी बंद केली. तुमच्या कंपनीत कोणती पद्धत आहे हे पहिल्या तिमाहीतच विचारून घ्या.

बंद खोलीतल्या त्या बैठकीत तुम्ही नसता, तुमच्या बाजूने बोलणारा एकच माणूस असतो आणि त्याच्या हातात तुम्ही दिलेले मुद्दे असतात. म्हणून अप्रेझलच्या महिनाभर आधी, शुक्रवारच्या नोंदींतून निवडलेले पाच-सहा ठोस मुद्दे, शक्य तिथे आकड्यांसह, वरिष्ठांना पाठवा. ‘मेहनतीने काम केले’ या वाक्याच्या जोरावर तिथे कोणी तुमची बाजू मांडू शकत नाही. ‘रोजचा अहवाल तयार करायला दोन तास लागत, ते काम वीस मिनिटांवर आणले’ या वाक्याच्या जोरावर मात्र मांडू शकतो. रेटिंग अपेक्षेपेक्षा कमी आले तर त्याच दिवशी भांडू नका. दोन दिवसांनी वेळ मागून, वरच्या रेटिंगसाठी नेमके काय कमी पडले ते विचारा आणि उत्तर लिहून घ्या. उत्तर ठोस असेल तर पुढच्या वर्षाची दिशा मिळते. उत्तरच मिळत नसेल तर तीही त्या जागेविषयीची महत्त्वाची माहिती असते.

सातवी पायरी: थकवा वेळीच ओळखा

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामाच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असो, चेहऱ्यावर आणि आवाजात ग्राहकाला हवी ती भावना टिकवणे हाही श्रमच आहे आणि त्यालाही मोबदल्याची व विश्रांतीची गरज असते, असे त्या कल्पनेमागचे म्हणणे आहे. दिवसाला साठ-सत्तर कॉल घेणाऱ्या किंवा चिडलेल्या क्लायंटशी रोज शांतपणे बोलणाऱ्या माणसाला शरीर न हलवताही इतका थकवा का येतो, हे यातून कळते. घरच्यांना हे समजावून सांगावे लागते. ‘एसीत बसून तर काम आहे’ हे वाक्य ऐकून अनेक तरुण मुले-मुली आपला थकवा स्वतःपासूनही लपवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे, तो आजार म्हणून गणलेला नाही. तिथे तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही अशी भावना. ही तिन्ही काही आठवडे सलग जाणवत असतील, तर एका रविवारच्या झोपेने ती जात नाहीत. वरिष्ठांशी कामाच्या वाटणीविषयी बोला, साठलेली सुट्टी घ्या आणि गरज वाटली तर डॉक्टरांना भेटा.

वेळेविषयीही स्पष्ट असा. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली उद्योगांसाठी आणि १९३० साली व्यापार व कार्यालयांसाठी करारांत घातली. कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायदा फ्रान्समध्ये २०१७ पासून लागू आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, म्हणून आपल्या ठिकाणचा नियम माहीत करून घ्या. रोजच्या व्यवहारात मात्र सुरुवातीची सवयच जास्त ठरवते: पहिल्या महिन्यात रात्री अकराच्या संदेशाला लगेच उत्तर दिलेत, तर सहाव्या महिन्यात ते तुमच्याकडून अपेक्षितच धरले जाईल. ऑन-कॉलची, म्हणजे गरज पडताच कामाला हजर होण्याची, पाळी असेल तेव्हा पूर्ण हजर राहा आणि पाळी नसेल तेव्हा सकाळी उत्तर द्या.

आठवी पायरी: अन्याय झाला तर नोंद आधी, तक्रार नंतर, पण लवकर

कामाचा ताण, मतभेद आणि छळ या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या दोन बोलून सुटू शकतात. अपमानास्पद भाषा, धमकी, लैंगिक स्वरूपाची वागणूक, जात, धर्म, लिंग, भाषा किंवा प्रदेश यांवरून केलेला भेदभाव या बाबी ‘सांभाळून घेण्याच्या’ नाहीत. कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ साली झाला. प्रशिक्षणार्थी, नोकरीचे उमेदवार आणि कामासाठी ईमेल-संदेशांतून होणारे वर्तनही त्याच्या कक्षेत येते, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. आपण अजून परिविक्षेत आहोत म्हणून आपल्याला बोलण्याचा हक्क नाही, हा समज चुकीचा आहे.

घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, बोललेले नेमके शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नोंद करा. संदेश जपून ठेवा. मग कंपनीच्या धोरणात दिलेल्या समितीकडे किंवा तक्रारीच्या अधिकृत मार्गाने लेखी जा. एचआर विभागातली माणसे सहृदय असू शकतात, पण तो विभाग कंपनीचा असतो, म्हणून महत्त्वाचे बोलणे नेहमी लेखी ठेवावे आणि बाहेरच्या कायदेशीर मार्गांची मुदत किती असते तेही माहीत करून घ्यावे.

नववी पायरी: सोडण्यापूर्वी आत शोधा, आणि सोडल्यावर लिहा

जागा जमत नाही असे वाटले तर आधी कंपनीच्या आतली बदली पाहा. मोठ्या कंपनीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे की नोकरी न बदलता वरिष्ठ, काम आणि कधी कधी पूर्ण वातावरणच बदलता येते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी ठरावीक काळ एका प्रोजेक्टवर असावे लागते, आणि ती अट रुजू झाल्याबरोबर विचारून ठेवलेली बरी. धोरणाच्या पातळीवरची तक्रार असेल तर मात्र बदलीने ती सुटणार नाही. तेव्हा हाती दुसऱ्या नोकरीचे पत्र आल्यावर, आपले काम पुढच्याकडे नीट सोपवून (हँडओव्हर) आणि अनुभवपत्र व हिशेब पूर्ण घेऊन निघावे.

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी घेते त्या मुलाखतीत, खरे सांगा, पण व्यक्तीऐवजी प्रसंग सांगा. आणि काही आठवड्यांनी, राग आणि सुटकेचा आनंद दोन्ही निवल्यावर, तुमचा अनुभव पुढच्यांसाठी लिहा. पद, कामाचा प्रकार, कोणती वर्षे, शिफ्ट कोणती, सुट्टी कशी मिळे, रेटिंग कसे ठरे, काय शिकायला मिळाले आणि कशामुळे सोडले, एवढे लिहा. सहकाऱ्यांची नावे आणि क्लायंटची माहिती त्यात येऊ देऊ नका. दुसऱ्या पायरीत वही घेऊन बसलेल्या कोणाला तरी नेमके हेच तपशील हवे असतील.